खिडकीवरची वीस मिनिटं

न्हाय न्हाय मॅडम, मशीन हुशारच हाय — तुमी हेड ऑफिसातनं एवढ्या लांबनं ते तपासायला आलाय, मी कशाला नावं ठेवू? मी त्रिंबक, ह्या रक्तपेढीच्या खिडकीवर सत्तावीस वर्षं — पन मशीनला दोन दिवसांत सगळं आलं की! मशीन बसवायला आलेले पुण्याचे हृषीकेशसाहेब म्हनले, "काका, तुमची वही आत टाकतो, वरनं इंटरनेट जोडतो. कुठलंही रक्त विचारा, दोन्हीकडं शोधून उत्तर देणार." घ्या म्हनलं. वहीत काय — बॉम्बे ग्रुप, हजारोंत एखाद्याचं असतंय ते रक्त, आपल्याकडं तीन माणसं. कोन कुटं राहतंय, कुनाची रात्रपाळी, कोन बायकोला इचारल्याबिगर येत न्हाय. ते शेवटचं साहेबांनी घेतलंच न्हाय — त्याला रकाना नव्हता म्हनं!

अन मग गेल्या महिन्यात ती दिपाली. वर दवाखान्यात बाळंत झालती, रक्त थांबंना, अन हितं खिडकीत तिचा नवरा बुद्धभूषण. तिचा बॉम्बे ग्रुप. इचारलं मशीनला. वहीतनं नागूबाई काढली — गाव वैराग, उपलब्ध. नकाशा बी दावला, तासाभराचा रस्ता! मॅडम, नागूबाई दिवाळीत वारली. मी मातीला गेलतो. पन मशीन म्हनतंय उपलब्ध — असंल बाबा, त्याचं इंटरनेट वरपर्यंत असंल! दुसरा श्रीशैल, त्यानं पंधरा दिवसांमागंच रक्त दिलतं, तीन महिने परत घेता येत न्हाय. मग इंटरनेटवरनं थेट मुंबईचा पत्ता. अन मी? हाताची घडी घालून हुबा. म्हनलं, बघू तरी. वीस मिनटं तो बिचारा "काका, काका" करतोय, अन मी म्हनतोय, मशीनला इचार की, मला काय इचारतो —

मग काय, लावला फोन मोडनिंबला. शिवयोगी, हायवेवर टायरचं दुकान हाय त्याचं — हातातलं चाक टाकून आला. रक्त दिलं, बाई वाचली. वाचली म्हंजे... गर्भपिशवी काढावी लागली. मुलगी झालती, ती बरी हाय. डॉक्टर म्हनले, जरा आधी मिळालं असतं तर — डॉक्टर काय, म्हनतातच. वीस मिनटांनी काय होतंय? सांगा की, काय होतंय? बुद्धभूषण तर पाया पडला माझ्या. पेढे आनले. म्हनला, मशीनला जमलं न्हाय ते काकांनी केलं. घेतला मी पेढा. खाल्ला बी.

काय? शिवयोगी मशीनमधी का नव्हता? कसा असंल! वही द्यायच्या आधी ते पान मीच फाडून ठेवलतं की — सगळंच दिल्यावर मला कोन इचारनार, मॅडम? लोकं खिडकीपाशी येनार, पडद्याकडं बघनार अन जानार, मी काय नुस्तं —

तुमी लिहिताय व्हय हे?

न्हाय, हे लिहायचं नव्हतं. मी असंच, बोलत होतो... दिपालीचं नाव खोडा तेवढं. माझं राहू द्या — न्हाय, माझं बी खोडा. अन उठा आता, खिडकी बंद करायचीय. मशीन तिकडच्या खोलीत हाय. त्यालाच इचारा.