तिच्या पाठीला झेपंल अशी गाडी

आमी वैशाखऱ्याचे. आजोबापास्नं तिथंच, माळशेजच्या वाटेला. भाताची शेती, ती पण पावसावरची, दिवाळी झाली की हाताला काम नाय, म्हणून तरणा असताना मी मुरबाडला एका टेम्पोवाल्याकडं राहिलो आणि गाडी शिकलो, आणि मंग काय सांगू तुमाला, गाडी हातात आली तसा शेतात पाय ठरेना. माजा स्वभावच तसा, एका जागी बसणं नाय. आमची सुलोचना, माजी बायको, ती बोलायची, ह्यांच्या पायाला भिंगरी हाय. पुढं जुनी जीप घेतली, मुरबाड ते वैशाखरे शिटा भरायच्या, सोडायच्या, परत भरायच्या. मागं माणसं दाटीवाटीनं, टपावर पोती, भाजीचे हारे. गाडी ओझ्यानं खाली बसायला नको म्हणून मीच मागं एक जादा पाटा चढवून घेतलेला. पाटे म्हणजे चाकावर लोखंडाच्या वाकलेल्या पट्ट्या असतात, एकावर एक, त्याच धक्का खातात. जेवढे पाटे जास्त तेवढं गाडी ओझं घेते, आणि रिकामी असली की तेवढीच आपटते. पण शिटा काय, उतरल्या की गेल्या, कोण बोलतंय.

एक मुलगी आमाला, ती आसनगावला दिली. जावई लोकलनं कल्याणला कामाला जातो, चांगला हाय. सगळं नीट चाललेलं. आणि मंग ते झालं. खळ्यावर भाताचे भारे रचत होतो, उडवी चांगली उंच गेलेली, सुलोचना वर उभी राहून भारे झेलते, मी खालून फेकतो, दर वर्षाचं काम. मी भारा फेकला, तिनं झेलला, आणि झेलता झेलता तिच्या पायाखालचा भारा सरकला. खाली आली ती पाठीवरच. उठली नाय. मला बोलली, पाय कुठं गेले माजे. पाय तिथंच होते हो. मी हातात धरले, पण तिला ते कळत नव्हतं.

कल्याणला ऑपरेशन झालं, मणक्यात स्क्रू बसवले. डॉक्टर बोलले, पाय येतील, पण व्यायाम पायजे, सोडायचा नाय, सोडला तर पाय तसेच राहतील. व्यायाम घेणाऱ्या बाई शहापूरला, मुलीनंच शोधल्या. आता वैशाखरे ते शहापूर म्हणजे सरळगाव, किन्हवली करत जायचं, रस्ता कुठं चांगला, कुठं नुसती खडी. मी बोललो, घरची गाडी हाय, काय काळजी. मागच्या लांब शिटेवर गादी टाकली, तिला निजवली, आणि निघालो. अहो, सरळगाव यायच्या आत तिनं पदर तोंडात कोंबला. ओरडायची नाय ती, तेच वाईट. किन्हवलीच्या अलीकडं बोलली, मला उतरवा, मी हितंच रस्त्यावर बसते, तुमी जा. कशीतरी नेली, कशीतरी आणली. घरी आल्यावर भिंतीकडं तोंड केलं आणि बोलली, पाय नाय आले तरी चालतील, मी आता येत नाय.

त्या दिवसापास्नं माजं डोकं जागेवर नाय. गाडीवर गेलो की घर आठवायचं, घरी बसलो की गाडीकडं बघायचो. टायरची हवा कमी केली, गादीवर गादी टाकली. जावयानं मित्राची मोटार आणली, मऊ, पण ती एवढी बुटकी की हिला वाकून आत बसताच येईना. जीपमध्येच ती उभ्यानं सरळ शिटेवर टेकायची. म्हणजे जे काय करायचं ते जीपलाच.

शहापूरला नाक्याजवळ गणू मिस्त्री हाय, माज्याच वयाचा, माज्यासारखाच डोक्यात घेतलं की घेतलं. त्याला बोललो, गाडी मऊ करून दे. त्यानं जादा पाटा काढला, फरक पडला. मंग मला वाटलं अजून काढू. गणू बोलला, एवढं नको दामू, गाडी लोळंल. मी ऐकतोय कशाला. अजून काढायला लावले, राहिले ते पण बदलून पातळ घातले, एकदम मऊ. रिकामी चालवून बघितली, काय सांगू, होडीत बसल्यासारखी. मला आनंद झाला. हिला किती विनवण्या केल्या, मुलीनं फोनवर रडून सांगितलं, तेव्हा तयार झाली.

आणि गाडी लोळायलाच लागली. वळण आलं की ह्या अंगावर, दुसरं आलं की त्या अंगावर, खड्डा एक असायचा आणि गाडी वरखाली होतच राहायची, गाडीचं हेलकावणं थांबवतात ते शॉकअप जुने, ते तिला धरतच नव्हते. हिला उलट्या झाल्या. निजल्या निजल्या उलटी करायची, पाठ कशी सांभाळायची. आणि वाटेतल्या एका पुलाच्या चढाला असा एक खड्डा आला की पाटे पार दबले आणि खाली लोखंडाला लोखंड आपटलं. आधी कधी बसला नव्हता असा दणका. मी गाडी बाजूला घेतली. मागं वळून बघायची हिंमत होईना. तिनंच हाक मारली. मला वाटलं शिव्या घालंल. तर शांत आवाजात बोलली, तुमी एवढं सगळं केलं, मिस्त्रीला विचारलं, जावयाला विचारलं, पाठ माजी हाय, मला कोणी विचारलं का?

 खरंच नव्हतं विचारलं. माज्या मनात एकच, हिला लागायला नको. तिला कुठं लागतंय, कसं लागतंय, ते मी गाडीला विचारत बसलो होतो.

मंग आमी गणूच्या दारातच गेलो, ती पण. बोलली, आता मी सांगते. पहिलं म्हणजे मला मागं निजवू नका, मागच्या चाकाच्या वर सगळा मार येतो, मला मधल्या शिटेवर बसवा, पट्टा बांधून. बसवली. मंग गणू पाटे बदलायचा, मी बाजारापर्यंत फिरवून आणायचो, ती डोळे मिटून बसायची आणि सांगायची. हा धक्का टोचतो. हा टोचत नाय पण डोलतो, डोललं की पाठ आपोआप आवळते, ती जास्त दुखते. हा बरा. गणू खाली पडल्या पडल्या ऐकायचा आणि बोलायचा, वहिनी, आता? शेवटी मधले पाटे ठरले, एकदम मऊ नाय आणि पहिल्यासारखे कडक पण नाय, पाट्यांच्या टोकाला बुश असतात त्यांची रबरं नवी, आणि चारी शॉकअप नवे, चांगले धरणारे. गणू बोलला, पाटा मऊ केला की शॉकअपनं धरायला पायजे, नायतर असं होतं. आणि मला दम दिला, टपावर पोती बंद, मागं माणसं कोंबायची बंद. मी हो बोललो. शिटा कमी झाल्या, लोकं बोलली दामूची जीप आता साहेब झाली. बोलू दे.

त्यानंतर तिनं व्यायाम चुकवला नाय. आधी टाच हलली, त्या दिवशी बाईंनी मला आत बोलावून दाखवली. मंग वॉकर, मंग काठी. घरात काठी टाकून भिंत धरून चालायची आणि मी बघितलं की पटकन काठी घ्यायची. मी मात्र तसाच. रस्त्याला कुठं नवीन खड्डा पडला, कुठं खणून ठेवलंय, एकटा असलो तरी तो चुकवत जायचो.

आणि ह्या हिवाळ्यात काय केलं तिनं. मी मुरबाडला भाडं सोडून घरी आलो तर घराला कडी. शेजारीण बोलली, वहिनी एसटीनं गेली, लेकीकडं. एसटीनं! अहो, एसटीचे पाटे तुमाला माहीत नाय, त्याला मनच नाय. मी जीप फिरवली. सरळगावला बघतो तर ती गाडी बदलून बसलेली, खिडकीत, दोन बायांशी बोलत. हाक मारणार होतो, पण ती हसत होती हो. मंग नाय मारली. एसटी सुटली आणि मी मागं मागं, रिकामी जीप घेऊन. एसटी खड्ड्यात गेली की माजी पाठ ताठ व्हायची. किन्हवली आलं, उतरली नाय. शहापूर स्टँडवर कंडक्टरनं काठी धरली, ती दांडीला धरून खाली आली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि मी दिसलो.

कधीपास्नं मागं हाय, तिनं विचारलं. मी बोललो, सरळगावपास्नं. तिनं कंडक्टरकडनं काठी घेतली. आणि बोलली, पाठ दुखतेय, लई दुखतेय, पण मी आले ना.

आसनगावला जीपनंच सोडली. उतरताना बोलली, आता घरी जा, मी बोलवीन तेव्हा या.

आजचा चौथा दिवस, अजून फोन नाय. लेक सांगते, आई मजेत हाय, नातीला घेऊन ओट्यावर बसते. बरं झालं. देव तिला अशीच हिंडती ठेवो, आणखी काय मागणार. मी सकाळी उठतो, गाडीखाली जाऊन शॉकअप बघतो, हवा बघतो, एक खेप मारून येतो. तुमी पण आता शहापूरलाच निघालात ना? किन्हवलीच्या पुढं डाव्या अंगानं जा, उजवीकडं रस्ता उखडलाय.