डाव्या चाकाच्या चार क्लिपा

(क्लिप्याचं गॅरेज. मास्तरांची गाडी वर चढवलेली, पुढची दोन्ही चाकं काढलेली.)

क्लिप्या : मास्तर, टॉर्च धरू का, की असंच दिसतंय?

मास्तर : दिसतंय. आंधळा नाही झालो अजून.

क्लिप्या : मग सांगा बरं, काय दिसतंय?

मास्तर : ब्रेक पॅड दिसतायत. महिन्यापूर्वी मीच घातलेत, अंगणात बसून.

क्लिप्या : आणि क्लिपा?

मास्तर : तूच बघ.

क्लिप्या : उजव्या चाकाला चारही आहेत, नव्याकोऱ्या. पॅडचे कान, ही दोन टोकं, त्यांच्यात अशी बसलीत की बोटानं ढकलली तरी सरकतात. डावीकडे एकही नाही. पॅड तिरका होऊन अडकलाय, एकाच टोकाला झिजलाय. हे चाक धड धरतच नव्हतं. ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढत असणार.

मास्तर : सून तेच म्हणत होती.

क्लिप्या : तुम्ही काय म्हणालात?

मास्तर : ते राहू दे. तू बसवून टाक पटकन.

क्लिप्या : या मॉडेलच्या क्लिपा माझ्याकडे नाहीत. मागवायला दोन दिवस लागतील.

मास्तर : या घे.

क्लिप्या : अहो, ही तर नव्या पॅडच्या पाकिटातलीच क्लिपांची पिशवी! कुठं होती?

मास्तर : माझ्या पेटीत. पान्यांच्या खाली.

क्लिप्या : आज सापडली?

मास्तर : पाना दे तो.

क्लिप्या : मास्तर, कधी सापडली?

मास्तर : गाडी फाटकाच्या खांबावर आदळली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

क्लिप्या : आणि आदळली कधी?

मास्तर : आज एकोणीस दिवस झाले.

क्लिप्या : म्हणजे अठरा दिवस तुम्हाला माहीत आहे.

मास्तर : मोजून दाखवू नकोस! नातीच्या ओठाला दोन टाके पडले. सारी गल्ली गोळा झाली होती. सून पोरीला घेऊन उतरली, म्हणाली, बाबा, मी वेळेवर दाबला होता. आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो…

क्लिप्या : काय?

मास्तर : म्हणालो, पायाखाली ब्रेक आहे की पायपुसणं? लोक हसले. मीही हसलो. तिनं किल्ली खिळ्याला अडकवली, ती आज मी काढेपर्यंत तिथंच होती. दोन बस बदलून लॅबमध्ये जाते.

क्लिप्या : पण तुमच्या हातून क्लिप राहिलीच कशी? आम्हा शिकाऊ पोरांना झोपेतून उठवून विचारायचात, क्लिपा किती!

मास्तर : उजवं चाक झालं, तेवढ्यात शेजारचे सर खुर्ची घेऊन बघायला बसले. म्हणाले, या वयातसुद्धा चष्म्याशिवाय काम! मग कसला चष्मा लावतोय मी? जुन्या गंजक्या क्लिपा उपटल्या, गप्पा मारत पॅड ढकलले. जोर लावावा लागला, तेव्हाच कळायला हवं होतं. सरांपुढे फुशारकी, दुसरं काय.

क्लिप्या : एक करू. मी तुमच्या घरी सांगतो, पॅडच सदोष निघाले. मास्तरांचा दोष नाही, सूनबाईंचाही नाही. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

मास्तर : सांगशील असं?

क्लिप्या : तुमच्यासाठी सांगेन. पण मास्तर, माझी एकच राहिली होती.

मास्तर : माहीत आहे.

क्लिप्या : एक! आठवडाभर ती क्लिप खिशाला लावून फिरवलंत. सव्वीस वर्षं झाली, स्वतःचं गॅरेज झालं, तरी क्लिप्याच आहे मी. सासऱ्यांच्यासुद्धा तोंडात तेच. तेव्हा मी रडत विचारलं होतं, विसरलो तर एवढी शिक्षा? काय म्हणाला होतात?

मास्तर : राहिली म्हणून नाही. मी विचारल्यावर ‘लावली’ म्हणालास, म्हणून.

(सूनबाई दारात येऊन उभी राहते. खांद्याला पर्स, हातात बसचं तिकीट.)

सूनबाई : बाबा? बसमधून गाडी वर चढवलेली दिसली म्हणून उतरले. काय झालंय तिला?

क्लिप्या : या, बसा वहिनी. काय आहे ना, ते पॅड जरा…

मास्तर : तू गप्प बस. सूनबाई, गाडीला काही झालं नव्हतं. मी केलं होतं. डाव्या चाकाच्या क्लिपा मी घातल्याच नाहीत. तू ब्रेक वेळेवर दाबलास, गाडीनं धरला नाही.

सूनबाई : हे आज कळलं?

मास्तर : नाही. टाके पडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

(सूनबाई पर्स खाली ठेवते आणि वाकून डाव्या चाकाच्या जागी बघते.)

मास्तर : बोल काहीतरी. वाटेल ते बोल. माझी मान वर होत नाहीये.

सूनबाई : बाबा, मी रोज अंथरुणात पाय दाबून बघत होते. उशीर नेमका कुठं झाला, म्हणून. पोरीला जवळ घेऊन म्हणाले, आई चुकली गं. तिनं मला माफसुद्धा केलं.

मास्तर : क्लिप्या, तुझ्याकडची एखादी गंजकी क्लिप दे इकडे. लाव माझ्या खिशाला. असाच जातो गल्लीतून.

सूनबाई : नको. खिशाला क्लिप लावलीत की लोक पुन्हा हसतील, तुम्हीही हसाल, आणि सुटाल. तोंडानं सांगा. आधी पोरीला. मग त्या सरांना.

मास्तर : सरांना?

सूनबाई : तेच सर्वांत मोठ्यानं हसले होते.

मास्तर : सांगतो.

सूनबाई : चष्मा आणलाय?

मास्तर : आहे खिशात.

सूनबाई : लावा. भाऊजी, टॉर्च द्या माझ्याकडे. क्लिपा बाबाच बसवतील.

क्लिप्या : वहिनी, मी करतो ना. पॅडही नवे घालावे लागतील, ते सुटे आहेत माझ्याकडे.

सूनबाई : पॅड तुम्ही द्या. हात त्यांचे लागू देत.

मास्तर : आधी गंज घास तिथला, क्लिप्या. तारेचा ब्रश घे. हं, पुरे. ही वरची… बसली. ही दुसरी. टॉर्च जरा खाली, सूनबाई. तिसरी. कान आत सरकतोय बघ, जोर लागत नाहीये. आणि ही चौथी.

क्लिप्या : बसली?

मास्तर : बसली.

सूनबाई : थांबा. मला हात लावून बघू दे.

मास्तर : बघ, बाई. बघूनच घे.