पाहुण्यांचा वाटा

नाही ताता, पिशवी राहू द्या तुमच्याकडे, मला नकोच आहे ती — कालपासून थडग्याथडग्यापाशी उभे राहून लोकांच्या गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना म्हणताय तुम्ही, हक्काचा पाव आहे तुमचा. काय म्हणालात? चोरलाय? छे — चोरला असता तर बरं वाटलं असतं. दिलाय. माझ्या सख्ख्या बहिणीने दिलाय, दोन्ही हातांनी, अगदी अदबीने. तेच तर सांगतोय मघापासून.

कॅमेरा ना? हो, माझाच. मी चित्रकार आहे, बेल्जियमला असतो, एकोणीस वर्षं झाली. इथे आलोय अभ्यासाला — हसू नका — जन्म या वरच्या वस्तीतला, आणि ला पाझला आलोय अभ्यासाला! अभ्यास कशाचा, तर गेलेल्यांच्या या दोन दिवसांत त्यांच्या नावाने पावाच्या बाहुल्या करतात ना, त्यांना रंगवलेले चेहरे लावतात, त्या चेहऱ्यांचा. आई माझी चाळीस वर्षं तेच रंगवत होती, आमच्या जेवायच्या टेबलावर. तेव्हा कधी ढुंकून पाहिलं नाही. आता तिकडच्या एका संस्थेने खर्च दिला, तर पाहतोय. अर्जात काय लिहिलं होतं माहितेय? ‘एका स्थानिक माहितगार स्त्रीची मदत मिळेल.’ ती स्त्री म्हणजे निएवेस, माझी धाकटी बहीण, जिला मी कडेवर घेऊन फिरलोय. बहीण लिहिलं तर अर्जाला वजन येणार नाही, असं वाटलं मला. कोणी सांगितलं नव्हतं तसं लिहायला. माझं मलाच वाटलं.

आई? जाऊन तीन वर्षं झाली. हो, गेलेल्यासाठी घरी तीन वर्षं टेबल मांडतात ना, त्यातलं तिसरं, शेवटचं, पुढच्या वर्षापासून मांडायचं नाही. म्हणूनच तर आलो — नाही, तुमच्यापाशी तरी खोटं कशाला बोलू — तारखा संस्थेने ठरवल्या, त्या जुळल्या इतकंच. पहिल्या वर्षी आलो नाही, दुसऱ्या वर्षी आलो नाही. आणि यंदा येऊन बारा दिवस झाले, खाली शहरात हॉटेलात उतरलोय, निएवेसला कळवलंसुद्धा नाही. आधी काम उरकू म्हटलं, घरी गेलं की रडारड होणार, मग कसलं काम आणि कसलं काय.

काल दुपारी बाराला, गेलेली माणसं आपापल्या घरी येतात त्या वेळी, मी कुठे होतो? परक्यांच्या घरी. सात घरं फिरलो. दार उघडंच असतं, आत शिरायचं, कोण गेलंय त्याचं नाव विचारायचं, ओठ हलवायचे — प्रार्थना मला अर्धीच येते आता — फोटो काढायचे, पाव घ्यायचा, पुढचं घर. आठवं घर आमचं. दिवस कलला होता. काळं कापड, उसाचे दांडे, पावाची शिडी, सगळं बैजवार मांडलेलं, आणि मधोमध बाहुली, आईच्या तोंडावळ्याची, तिच्या गोल टोपीसकट. चेहरा निएवेसने रंगवलेला. आणि मी काय केलं? कॅमेरा डोळ्याला लावला. चार फोटो काढले. मग गुडघे टेकले.

निएवेस टेबलापाशीच उभी होती. शेजारीपाजारी भिंतीला टेकून बसलेले. मी उठलो तसं तिने ताट भरलं — पाव, केळी, लाह्या — बाहेरून प्रार्थनेला आलेल्यांना देतात तसं. घरच्याला कोण देतं हो? घरचा माणूस वाढायला उभा राहतो. समोर आली, मान लववली, म्हणाली, “आमच्या आईसाठी प्रार्थना केलीत, देव तुमचं भलं करो, साहेब.” आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. रागसुद्धा नव्हता.

आणि मी घेतलं. म्हणायला हवं होतं ना, अगं वेडे, मी रुफिनो! तिच्या हातातलं ताट काढून घेऊन शेजाऱ्यांना वाढायला लागायला हवं होतं. पण सात घरांची सवय झालेली, हात आपोआप पुढे गेले. “आभारी आहे, बाई,” म्हणालो. बहिणीला बाई म्हणालो, ताता, आणि निघून आलो. रात्रभर लाज वाटत होती, अजून वाटतेय, तुमच्याकडे बघवत नाही.

किती वाजले? साडेअकरा? आज बाराला आई परत जाते ना — बाराला टेबल मोडतात आणि संपलं. हो, घर जवळ आहे, दोन गल्ल्या सोडून. तुम्ही याल? खरंच याल? तुम्ही प्रार्थना म्हणा, मी मागून म्हणेन, आणि मग वाढायला तरी उभा राहीन, हाकलणार थोडीच आहे निएवेस. चला, उठलोच. पोचू म्हणताय? हो, अर्धा तास पुष्कळ झाला.

नको. थांबा. खरं सांगू? अर्धा तास आहे, पोचू आपण, असं तुम्ही म्हणालात तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, ऐका — टेबल मोडतानाचे फोटो आपल्याकडे नाहीत, आणि या वेळी खिडकीतून उजेड फार छान येतो. आई नाही आली मनात. उजेड आला.

हात सोडा माझा. जा तुम्ही, ताता. तिला सांगा — नको, काही सांगू नका. जा, बाराच्या आत पोचा. तुम्हाला पूर्ण येते प्रार्थना.