काजं करणारी

डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या बाईंनी डोळ्यांत थेंब घातल्यामुळे तपासणीला आलेल्या एका तरुणाला पुस्तक मिटून बसावं लागलं. शेजारच्या बाकावरचं बोलणं मग आपसूकच कानावर पडत राहिलं.

"मास्तर, ओळखलंत का? तुमच्या कारखान्यात बावीस वर्षं शर्टांना काजं करत होते."

"ओळखलं की. सदा मान खाली घातलेली."

"मला कापड बेतायच्या टेबलावर यायचं होतं, मास्तर."

"अगं, मग बोलली का नाहीस? दरवर्षी विचारायचो मी, कुणाला यायचंय म्हणून."

"तेव्हाच तर मान खाली घालायचे. वाटायचं, तुम्ही नाव घेऊन बोलवाल."

"आणि मला वाटायचं, हिचा जीव काजांतच रमतो. हा कुर्ता कुठून घेतलास?"

"मीच बेतला, मीच शिवला. जुन्या चादरी कापून शिकले घरी."

"हात पुढे कर जरा. बाही बघू."

"चुकलीय का कुठे?"

"नाही गं. अशी बाही बसवायला मला दहा वर्षं लागली होती."

"असू दे आता. सुईत दोरा ओवायलासुद्धा दिसत नाही हल्ली."

"चौदा नंबर कोण आहे?" थेंब घालणाऱ्या बाईंनी दारातून विचारलं.

"अगं, तुझा नंबर पुकारतायत."

"हो, पण मास्तर, आधी तुम्ही जा. मी थांबते."