बाबांची खोली

हॅलो?… कोण, ताई? आज कशी काय वाट चुकलीस?… हो, हो, घरीच आहे. दुपारपाळी आहे माझी, एक वाजता डेपोत जायचंय. तू बोल, मी गणवेशाला इस्त्री करतेय.

बाबा? मजेत आहेत. खाली गेलेत… खाली म्हणजे खाली गं, न्हाव्याच्या दुकानात… नाही, केस कापायला नाही. बसायला.

अगं, किंचाळतेस काय? दुकानात बसलेत, तुरुंगात नाही!… कुठला आहे म्हणजे? लांबून आलाय कुठूनतरी. इथे सगळेच लांबून आलेत, मी धरून… नाही, त्याची भाषा बाबांना येत नाही, बाबांची त्याला येत नाही. तरी सकाळी नऊपासून दोघांच्या गप्पा सुरू…

कसल्या? घड्याळांच्या! चाळीस वर्षं घड्याळजी होते आपले वडील, विसरलीस? त्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ कधीपासून बंद होतं. बाबांनी आल्याच्या दुसऱ्या दिवशी उतरवून घेतलं, माझा भुवया कोरायचा चिमटा पळवला, आणि संध्याकाळी घड्याळ चालू! तेव्हापासून बघ, वरच्या मजल्यावरची नर्स येते, समोरचा टॅक्सीवाला येतो, शाळेतली शिपाईण येते. कुणाचं आजोबांचं घड्याळ, कुणाचं साखरपुड्यातलं. खुणा करून करून सांगतात. बाबा हसतात गं. मोठ्याने हसतात. तुझ्याकडे ऐकलं होतंस कधी?

'असले लोक' म्हणजे कसले, ताई?… नाही, सांग ना. मोकळेपणी सांग, मी काही कुणाला सांगायला जात नाही… हां, जिन्यात पाच घरांच्या स्वयंपाकाचे वास येतात. येतात खरे. तुझ्या जिन्यात फिनाइलचा येतो. तेवढाच येतो.

थांब, थांब. सहा वर्षांत तू एकदा इथे आलीस, तीही बाबांना सोडायला. पंधरा मिनिटं. त्यातली दहा नाकाला रुमाल लावून. त्या नर्सने तुझ्यासाठी चहा आणला, तर तू कप तसाच खिडकीत ठेवून दिलास… दिसला की. मलाही दिसला, तिलाही दिसला.

हो, भाडं परवडतं म्हणूनच राहते. कधी लपवलंय? बस चालवते मी, बँक नाही…

हो, हो… अगं ऐक ना… ऐक… बरं, बोल तूच.

हं… हं… 'बाबांची काळजी वाटते.' वा!… 'असल्या ठिकाणी त्यांना ठेवणं मनाला पटत नाही.' हं… मग ने ना! आजच ने. गाडी पाठव, मी त्यांना तयार ठेवते. घराला रंग द्यायचाय म्हणून आठ दिवसांसाठी सोडून गेलीस, सव्वा महिना झाला.

हॅलो?… आहेस ना?… रंग झाला ना देऊन?… झाला. मग?… बाबांच्या खोलीचं काय?… काय ठेवलंय तिथे? परत बोल, नीट ऐकू नाही आलं.

धावायचं यंत्र?

भावोजी धावणार? पाण्याचा पेला घ्यायला सोफ्यावरून उठत नाहीत ते!… आणि पलंग?… विकला. बाबांना विचारलंस?… नाही. ते रोज सकाळी बॅगेतून शर्ट काढतात, धुऊन वाळला की घडी करून परत बॅगेत. मी कपाट अर्धं रिकामं करून दिलंय, तरी हात लावत नाहीत. 'ताई केव्हाही येईल न्यायला,' म्हणतात. आणि तू त्यांचा पलंग विकलास.

मग मघाचपासून काळजी, काळजी काय चाललं होतं?… अच्छा. म्हणजे मी म्हणावं, 'राहू दे गं इथेच,' आणि तू नाइलाजाने हो म्हणावंस. शाबास! या लोकांचा चहा तुला चालत नाही, पण बाप ठेवायला हेच लोक चालतात.

काय? मी सांगू त्यांना?… का? जीभ तुझी, खोली तुझी, यंत्र तुझं, आणि सांगायचं मी?… रडू नकोस. रडून काय… थांब. जिन्यात पावलं वाजतायत. थांब म्हणते ना!

या बाबा… चष्मा? तो काय, टेबलावर… हो, ताईचाच फोन आहे.

ती… ती म्हणतेय, तुम्हाला न्यायला येते. आजच… हो, खोली तयार आहे. रंग छान झालाय म्हणे… मी कशाला सांगू, जा म्हणून? तुमचं तुम्ही ठरवा, बाबा. इथे राहायचं असेल तर राहा. मला बरंच वाटेल, खरंच.

नको म्हणू?… नक्की?… किती दिवस म्हणून काय विचारता, तुमचंच घर आहे… छे, छे, तिला नाही वाईट वाटणार. अजिबात नाही. मोठ्या मनाची आहे आपली ताई… हो, सांगते, जेवत जा वेळेवर म्हणून. तुम्ही जा, न्हावी खोळंबला असेल.

गेले… ऐकलंस? नको म्हणाले. तुला वाईट वाटेल का, म्हणून विचारत होते…

काय? आभार?… नको. तुझ्यासाठी नाही केलं. ठेवते.