आपली गाडी, तुझं इंजिन

नऊ नोव्हेंबर, रविवार. हवा कोरडी, ऊन बेताचं, वारा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण उद्या आमचा दादा तुम्हाला सांगेल की हवा खराब होती म्हणून गाडी बंद पडली... हवा खराब नव्हती हो! हवेने त्या दिवशी कुणाचं काही वाकडं केलं नाही. जे केलं ते माणसांनी केलं, आणि तीही सख्खी!

गाडी बाबांची. गोल दिव्यांची, माझ्याहून वयाने मोठी, कित्येक वर्षं शेडमध्ये पडून. इंजिन जाम. जाम म्हणजे कसं, तुम्हाला सांगतो, आत पिस्टन असतो, तो वरखाली व्हायला हवा, आणि आमचा पिस्टन गंजून सिलिंडरला असा चिकटलेला, जसा दादा सोफ्याला! मी म्हटलं, दादा, इंजिन उघडू या का? पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "तुझी गाडी, तुला हवं ते कर." तुझी! ऐकलंत? मी धावत आत जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "लिहून घेतलंत का?"

लिहून काय घ्यायचं? सख्खा भाऊ आहे तो!

मग मी लागलो. शिकवायला कोण होतं? कुणी नाही. एक भाग काढायचा, कुठून काढला त्याचं चित्र काढायचं, मग पुढचा. प्लगच्या भोकांतून आत तेल सोडायचं आणि वाट पाहायची. गाडीच्या तोंडात लोखंडी हँडल लावून इंजिन जरा रेटायचं. हलत नाही... पुन्हा तेल, पुन्हा वाट! वहिनी येता-जाता नाकाला पदर लावून, "भावोजी, वासाने डोकं उठतं हो, तुमची गाडी जरा पलीकडे नेऊन खोला ना." कशी नेऊ वहिनी, खांद्यावर? आणि दादा, "अजून तुझं भंगार इथेच?" तुझं! बायको तर रोज, "अहो, माझ्या परातीत तुमचं इंजिन आंघोळ करतंय, मी पीठ कशात मळू?" आता सांगा, गाडी कोणाची? माझी. वास माझा, भंगार माझं, इंजिन माझं!

एका सकाळी हँडल रेटलं आणि पिस्टन हलला. किती? नखभर. मी रडलो हो... म्हणजे डोळ्यात तेल गेलं होतं, पण त्यानिमित्ताने रडून घेतलं. मग रिंगा बदलल्या, दोन तळव्यांत काठी फिरवत व्हॉल्व्ह घासले, कार्बोरेटर धुतला. सेल्फ-स्टार्टर तेवढा जळलेला, तो काही सुधारेना, म्हणून गाडी सुरू करायची ती हँडलनेच. हे सगळं कशासाठी? एवढ्याचसाठी की बाबांना शेजारी बसवून एक फेरी मी चालवावी. बाबांनी मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिलेला नाही. दादा चालवायचा, मी काचा पुसायचो. मागितली की बाबांचं एकच उत्तर, "तुझं लक्ष नसतं." माझं लक्ष नसतं! अहो, इंजिनाचा स्क्रू न् स्क्रू ओळखतो मी आता!

तर हँडल फिरवलं, धूर आला, खोकली, थुंकली आणि धडधडायला लागली! दादा गॅलरीत आला. "अरे वा! आपली गाडी सुरू झाली!" आपली! काल भंगार तुझं, आज गाडी आपली. आपली म्हणजे काय, माझी आणि त्याची ना? थांबा, पुढे ऐका. रविवारी फेरी ठरली. दादा कडक इस्त्रीत, काळा चष्मा लावून खाली. शेजारच्यांनी विचारलं, "छान झाली हो, कुणी केली?" दादा म्हणाला, "करून घेतली." करून घेतली! तुम्ही भाषा जाणता, तुम्हीच सांगा, 'केली' आणि 'करून घेतली' यांच्यामध्ये काय असतं? माझे दोन हात असतात! आता सांगा, गाडी कोणाची?

मी दार उघडून बसायला गेलो, तर दादा, "थांब थांब, हात बघ तुझे! स्टिअरिंग काळं होईल." हात काळे कशाने झाले रे? पण तोवर तो बसलासुद्धा. शेजारी बाबा. मागे वहिनी, पुतणी आणि दाराला चेपलेला मी, मांडीवर हँडल. बाबा कान देऊन ऐकत होते. मला वाटलं, आता म्हणतील, शाब्बास... म्हणाले, "एक सिलिंडर मिस होतोय."

मिस होणारच! दादाने चोकची खुंटी बाहेर दिसली म्हणून तिला पिशवी अडकवली होती! पिशवीच्या वजनाने चोक ओढलेला, इंजिनाच्या घशात पेट्रोल, ते गुदमरतंय, आणि भर चौकात... फुस्स. मागे हॉर्न. दादा वळून म्हणाला, "अरे, तुझी गाडी बंद पडली!" आणि बाबा, समोर बघत, "म्हटलं नव्हतं? याचं लक्ष नसतं."

मी उतरलो. पिशवी काढली, चोक आत ढकलला, हँडल फिरवलं, फिरवलं, फिरवलं... छे! मग हँडल काखेत मारून मागे गेलो आणि ढकलायला लागलो. वहिनी आतूनच, "भावोजी, जरा जोर लावा ना!" चौकापुढे उतार होता. गाडी घरंगळली, दादाने क्लच सोडला, आणि लागली की हो, चारही सिलिंडर, काय तो आवाज! मी मागून जीव खाऊन ओरडलो, "थांबवू नकोस रे! थांबवलीस तर परत बंद पडेल!"

आणि तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा दादाने माझं ऐकलं.

गाडी घरी पोहोचली. मी आणि हँडल चालत आलो.