गोंदणाची सुई

परतूरच्या एका लॅबबाहेर सासू-सून आल्या होत्या; सून माझ्या शेजारी बसलेली, सासू येरझाऱ्या घालत होती. सून सात महिन्यांची गरोदर.

"आत्याबाई, बसा ना. किती चकरा मारता?"

"तुझा रिपोर्ट आल्याबिगर बसवंना मला."

"तुमची कावीळ गोंदल्यानंच झाली म्हणले डॉक्टर?"

"सुईतून रक्तात गेली असंल म्हणले. माझ्या आधी कोणाला गोंदलं, काय ठाऊक."

"जांबच्या जत्रेत तुमच्यानंतर त्या गोंदणाऱ्यानं माझाच हात धरला. सुई बदलली ना? मी तर भ्यावानं डोळे मिटल्ते."

"न्हाई बदलली. फडक्याला पुसली नुस्ती."

"मंग बोलल्या का न्हाई?"

"मला काय म्हाईत, दैवशाला? आमच्या वक्ताला साऱ्या गावाला एकच सुई असायची."

"दैवशालाचा रिपोर्ट घ्या!" आतून हाक आली.

"तुम्ही जा, आत्याबाई. मी हितंच बसते."

"साहेब, सुनंचा रिपोर्ट तोंडानं सांगा. मला वाचता येत न्हाई."

"काही निघालं नाही. डॉक्टरांना दाखवून लस घ्या."

"ऐकलं का, आत्याबाई? चला आता घरी."

"तू हो पुढं. तुझ्या लेकराला मी हात लावायचा का न्हाई, तेवढं डॉक्टरला इचारून येते."